पत्र पोचले, पण वाचता आले का?

दरवर्षी स्मरणिकेचे संपादक लेखासाठी तगादा लावतात आणि दरवर्षी मी आरोग्यविषयक काहीतरी लिहून देतो. यंदा मात्र मी रोगाविषयी लिहिणार नाही. यंदा मला एका चुकीविषयी लिहावयाचे आहे. ती चूक माझी आहे आणि तिला आता वीस वर्षे होत आली आहेत.

ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर सुरतेतील कोणी विसरलेले नाही. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. दवाखाने बुडाले, केसपेपर बुडाले, कित्येकांची आयुष्यभराची पुस्तके चिखलात गेली. त्या वर्षी आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. आपले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आपण सारे आप्पा म्हणत असू, त्यांनी पुरानंतरच्या दिवसांवर लेख लिहिला. लेप्टोस्पायरोसिस, डॉक्सिसायक्लिनचे वाटप, पायाच्या जखमा घेऊन चिखलात उभी असलेली माणसे, असा तो अनुभवाचा लेख होता. साठी उलटल्यावर आप्पा हौसेने संगणकावर मराठी टंकलेखन शिकले होते. लेख त्यांनी ई-मेलला जोडून पाठविला. दोन दिवसांनी दुसरे पत्र आले : ‘शेवटचा परिच्छेद राहून गेला होता, तो खाली देत आहे.’ आणि त्याखाली होती रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि अधूनमधून प्रश्नचिन्हे यांची एक अगम्य जुडी.

छापखान्याची तारीख तोंडावर आली होती. छापखान्यातील मुलाने मान हलविली, ‘साहेब, हे काही उघडत नाही.’ मी तो परिच्छेद गाळला. आप्पांना फोन केला नाही. लेख तसाही पुरेसा मोठा होता, अशी मनाची समजूत घातली. स्मरणिका निघाली, आप्पांनी ती चाळली, माझ्याकडे पाहून हसले आणि काही बोलले नाहीत. पुढे ते गेले. आणि मीही ते विसरून गेलो.

गेल्या वर्षी त्यांच्या कन्येचा फोन आला. आईसाठी बाबांचे सारे लेखन ती एकत्र करीत होती. म्हणाली, ‘काका, २००६ चा लेख मध्येच संपल्यासारखा वाटतो. बाबा असे मध्येच थांबत नसत.’ मी काय उत्तर देणार? ‘शोधतो,’ एवढेच म्हणालो.

जुन्या ई-मेल खात्यात ते पत्र सापडले. उघडले. तीच जुडी, तेच कंस, तीच प्रश्नचिन्हे. वीस वर्षांत संगणक बदलले, फोन खिशात आले, पण ते पत्र माझ्यासाठी तितकेच मुके होते. मग मात्र मी हट्टाला पेटलो. या धडपडीत जे समजले ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे, आणि त्यातून माझे जे मत बनले आहे तेही मांडले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम या व्याधीचे मूळ पाहू. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणावयाचे, याचा करार आधी व्हावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाचा असा करार झाला. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीपुरत्या होत्या. पुढे जागा २५६ झाल्या, परंतु वाढीव जागांत युरोपातील अक्षरे बसली. मराठीला जागा नव्हती. तेव्हा आपल्याकडील उद्योगी मंडळींनी एक युक्ती केली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवावयाचा, पण फाँटमध्ये त्या जागी चित्र मात्र मराठी अक्षराचे काढावयाचे. पडद्यावर मराठी दिसे, कागदावर मराठी उमटे. संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचीच रांग असे. फाँट काढून घेतला की सोंग उतरले.

ही युक्ती वाईट नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, बंगळूरची ‘आकृती’, ‘शिवाजी’ फाँट, हिंदीसाठी ‘कृतिदेव’ यांच्यावर आपली वृत्तपत्रे, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तके आणि अर्थातच आपल्या स्मरणिका वर्षानुवर्षे छापल्या गेल्या. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. अडचण इतकीच की प्रत्येकाचा करार निराळा होता. एकाचा ‘क’ ज्या आकड्यावर, त्या आकड्यावर दुसऱ्याची वेलांटी!

आपल्या व्यवसायातील एक जुनी हकीकत येथे आठवते. लँडस्टायनरने १९०१ साली रक्तगट शोधले. नंतर जान्स्कीने १९०७ मध्ये व मॉसने १९१० मध्ये गटांना एक ते चार असे क्रमांक दिले. पण जान्स्कीच्या पद्धतीत पहिला गट म्हणजे आजचा ‘ओ’, तर मॉसच्या पद्धतीत पहिला गट म्हणजे ‘एबी’. चौथ्या गटाचे नेमके उलट. बाटलीवर नुसता ‘गट एक’ असे लिहिले असेल तर ते कोणाच्या पद्धतीने, हे विचारल्याशिवाय रक्त द्यावयाचे तरी कसे? अखेर ए, बी, एबी आणि ओ ही एकच भाषा सर्वांनी स्वीकारली, तेव्हा तो घोळ मिटला. मराठी फाँटांच्या दुनियेत आपण कित्येक वर्षे जान्स्की आणि मॉसच्या काळातच राहत होतो.

उपाय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक तयार झाले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ते स्वीकारले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने त्यावर मोठे काम केले. १९९१ सालीच जगातील साऱ्या लिप्यांसाठी एकच करार करणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि त्यात देवनागरीला व गुजरातीला आपापले स्वतंत्र घर मिळाले. विंडोज २००० पासून देवनागरी संगणकात नांदू लागली. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा फाँट कवी व सुलेखनकार प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटला, ही मराठी माणसाला अभिमान वाटावी अशी गोष्ट. म्हणजे २००६ साली औषध बाजारात होते. आम्हीच ते घेत नव्हतो. सवयीचा कळफलक सुटत नव्हता, छापखान्याची सॉफ्टवेअरे युनिकोड स्वीकारीत नव्हती, आणि ‘चालले आहे ना’ ही आपली राष्ट्रीय वृत्ती होतीच.

आता निदानाकडे वळतो. अगम्य मजकूर पाहिला की आपण म्हणतो, ‘फाइल खराब झाली.’ हे ‘ताप आला’ म्हणण्यासारखे आहे. ताप हे लक्षण झाले; रोग कोणता? सुदैवाने येथे लक्षणांवरून निदान बरेच अचूक होते.

पहिला प्रकार आप्पांच्या लेखाचा. रोमन अक्षरे व विरामचिन्हे दिसतात, परंतु शब्दांची लांबी, ओळींची ठेवण मराठी मजकुरासारखी असते. हे फाँटचे सोंग. मजकूर शाबूत आहे. फाँट मिळाला तर तसाच वाचता येतो, नाहीतर रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो. वर्ड फाइल असेल तर फाँटच्या चौकटीत त्याचे नाव बहुधा लिहिलेलेच असते. रोग्याच्या खिशातच जुनी चिठ्ठी असावी तसे! आपण मात्र खिसा तपासत नाही.

दुसरा प्रकार : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा, दर दोन अक्षरे सोडून येतो. हा युनिकोड मजकूरच असतो, पण वाचणाऱ्या प्रोग्रामने तो युरोपीय समजून वाचलेला असतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन आकडे लागतात आणि त्यांतील पहिला नेहमी तोच असतो, म्हणून तो ‘ए’ असा टाळ वाजवीत राहतो. मजकूर उघडताना ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ निवडले की रोगी तत्काळ उठून बसतो. जपानी लोकांनी या विकाराला ‘मोजिबाके’ असे नावच देऊन टाकले आहे.

तिसरा प्रकार : सारा कचरा, पण अगदी आरंभी ‘पी-के’ ही दोन रोमन अक्षरे. ही ‘झिप’ पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. ऑफिस २००७ पासूनच्या वर्ड व एक्सेल फाइली प्रत्यक्षात झिप पुडकीच असतात. जुना प्रोग्राम ती उघडू शकत नाही, किंवा नावाचे शेपूट गळाल्यामुळे नव्या प्रोग्रामलाही ओळख पटत नाही. आरंभी टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतील तर ती पीडीएफ. आणि आपल्या खास परिचयाची गोष्ट : एमआरआयच्या सीडीवरील फाइल चुकून नोटपॅडमध्ये उघडली, तर सुरुवातीच्या १२८ जागा सोडून ‘डी-आय-सी-एम’ ही चार अक्षरे दिसतील. ती डायकॉम प्रतिमा आहे. तिला तिचा स्वतःचा दर्शक लागतो. ‘सीडी खराब आहे’ असे सांगून रोग्याला पुन्हा यंत्रात झोपविण्यापूर्वी ही चार अक्षरे पाहावीत, ही विनंती.

चौथा प्रकार : सारख्या लांबीच्या ओळी, अक्षरे व आकडे सलग, मध्ये एकही मोकळी जागा नाही. ई-मेल ही मुळात केवळ साध्या इंग्रजी मजकुरासाठी होती. तिला चित्रे, फाइली जोडण्याची ‘माइम’ पद्धत नॅथॅनियल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी बसविली आणि मार्च १९९२ मध्ये पहिले असे जोडपत्र गेले. या पद्धतीत फाइलीचे दर तीन बाइट चार साध्या अक्षरांत बांधले जातात, त्यामुळे तिचे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. प्रवासात पत्राचा मथळा बिघडला की गाठोडे न सोडताच आपल्यासमोर येते. आत सारे काही असते. गाठोडे सोडणारा प्रोग्राम लागतो. किंवा सर्वांत सोपे म्हणजे ‘पुन्हा पाठवा’ म्हणावे. ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल येते तीही याच्या जवळची. आउटलुकने आपल्या खाजगी वेष्टनात बांधलेली. पाठविणाऱ्याने पत्राचे स्वरूप साधे किंवा एचटीएमएल ठेवले की ती तक्रार थांबते.

शेवटचा भेद मात्र सर्वांत महत्त्वाचा. अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसत असतील तर घाबरू नये. डब्यांचा अर्थ एवढाच की हे अक्षर मला कळते, पण ते काढण्यासाठी माझ्याकडे फाँट नाही. मजकूर जिवंत आहे. परंतु जेथे प्रश्नचिन्हे दिसतात तेथे बहुधा वाटेतील एखाद्या यंत्रणेने न समजलेले अक्षर फेकून देऊन त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवलेले असते. मूळ अक्षर गेले. कोणताही फाँट, कोणताही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. डबा ही मूर्च्छा आहे. प्रश्नचिन्ह हा मृत्यू आहे.

आणि कोणत्याही प्रकारात पहिला नियम आपलाच जुना : अपाय करू नका. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत करावी आणि प्रयोग प्रतीवर करावेत. बिघडलेल्या रूपात फाइल ‘सेव्ह’ केली की बरा होणारा रोगी आपल्याच हातून दगावतो. दुसरे असे की रोग्याचा अहवाल वाचता येत नाही म्हणून तो इंटरनेटवरील एखाद्या अनोळखी रूपांतरकात टाकू नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. रोग्याचे गुपित जपण्याची आपली शपथ त्याच्या कितीतरी आधीची आहे.

येथपर्यंत झाली तांत्रिक माहिती. आता ज्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो त्या मुद्द्याकडे येतो.

जो मजकूर मुळीच वाचता येत नाही तो आपल्याला निदान सावध तरी करतो. खरा धोका आहे तो चुकीचा, पण व्यवस्थित वाचता येणाऱ्या मजकुराचा. काही वर्षांपूर्वी थायरॉइडच्या रोग्यांसाठी मी एक माहितीपत्रक तयार केले. मायक्रोग्रामसाठी ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर मी ‘सिंबल’ फाँटमधून घेतले होते. त्या जुन्या फाँटमध्ये ‘म्यू’ची जागा म्हणजे रोमन ‘एम’चीच जागा. पत्रक एका सहकाऱ्याकडे गेले, त्याच्या संगणकाने साऱ्या मजकुराला एकच फाँट लावला आणि थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रामचे झाले ५० मिलिग्राम! हजारपट. मराठी मजकुराचा चुथडा झाला होता म्हणून त्याने मला फोन केला आणि त्या ओघात ही चूक उघडकीस आली. मराठी नीट उघडले असते, तर ते पत्रक तसेच छापले गेले असते. त्याच फाँटमधील ‘पेक्षा जास्त किंवा समान’ हे चिन्ह फाँट हरवला की वर चढविलेला छोटा तीन बनते, आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’चे चिन्ह पौंडाचे चिन्ह बनते. ज्या निबंधात मात्रेची मर्यादा याच चिन्हांनी सांगितली आहे, त्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. मायक्रोग्रामसाठी ग्रीक चिन्ह वापरू नये, शब्द किंवा ‘एमसीजी’ लिहावे, हा औषधसुरक्षेच्या क्षेत्रातील सर्वमान्य सल्ला उगीच दिलेला नाही.

डॉक्टरांचे अक्षर हा तर विनोदाचा सनातन विषय. आपणही त्यावर हसतो. पण त्या विनोदाच्या तळाशी एक गृहीत आहे : मी लिहिले, माझे काम संपले, वाचणे ही केमिस्टची जबाबदारी. केमिस्ट अंदाज करतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो म्हणून आपले निभावते. २०१६ साली मेडिकल कौन्सिलने नियमात दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे घातले. ते नियमाने सांगावे लागले, हेच मुळी आपल्याला खाली पाहावयास लावणारे आहे. संगणक आला तेव्हा वाटले होते की आता ही अडचण संपली. प्रत्यक्षात आपण तेच गृहीत नव्या यंत्रात नेऊन बसविले. मी पाठविले; तुला उघडत नसेल तर तुझा संगणक जुना.

माझे स्पष्ट मत असे आहे की मजकूर वाचता येणे ही पाठविणाऱ्याची जबाबदारी आहे, घेणाऱ्याची नव्हे. कारण काय पाठविले हे पाठविणाऱ्यालाच ठाऊक असते. घेणाऱ्याला काय हरवले हेही कळत नाही.

सुरतेसारख्या शहरात तर हे अधिकच लागू. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत राहणारा आपला खानदेशी बांधव येथे काम करतो, येथेच औषधोपचार घेतो आणि दिवाळीला किंवा आजारपण लांबले की भुसावळच्या गाडीने नंदुरबारला, अमळनेरला, जळगावला जातो. त्याच्याजवळचा कागद गुजराती डॉक्टरने दिलेला, सूचना कधी गुजरातीत, कधी मराठीत, निदान इंग्रजीत. गावाकडील डॉक्टरला फोनवर पाठविलेली फाइल तेथे उघडली नाही तर तो रोग्यालाच विचारतो, ‘कोणती गोळी चालू होती?’ ‘पांढरी, गोल,’ हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे.

काही तरुण मित्र म्हणतात, ‘सर, हा प्रश्न आता इतिहासजमा झाला. फोनवर सारे युनिकोडच असते. आणि अडले तर फोटो काढून पाठवायचा.’ यात तथ्य आहे. नवीन मजकुराच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु फोटो डोळ्यांना वाचता येतो. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन रोग्याचा फोन तो सहजी वाचून दाखवीत नाही. पीडीएफमध्ये फाँट आत बांधलेला असल्याने दिसण्याची खात्री असते, हे खरे. पण जुन्या फाँटमधील पीडीएफमधून एखादे वाक्य उचलून बघा, हाती तीच जुडी येते. म्हणून वाचण्यासाठी पीडीएफ आणि जतनासाठी युनिकोड, असे दोन्ही हवे. आणि नव्याचा प्रश्न सुटला म्हणून जुन्याचा सुटत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबांचे मोडीतील कागद आहेत. कागद सुस्थितीत आहे, शाई स्पष्ट आहे, आणि घरातील एकालाही त्यातील अक्षर लागत नाही. मोडी जाण्यास काही पिढ्या लागल्या. आपली संगणकावरील मराठी एका पिढीतच मोडी होऊ पाहत आहे.

आता आप्पांच्या परिच्छेदाचे काय झाले ते सांगतो.

फाँटचे नाव त्यांच्या पहिल्या पत्राच्या जोडपत्रात मिळाले. एका जुन्या छापखान्यातील, आता निवृत्त झालेल्या ऑपरेटरकडे तो फाँट अजून होता. त्यांनी रूपांतर करून दिले. रूपांतर कधीच शंभर टक्के होत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, युनिकोडमध्ये नंतर. त्या बदलात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर हमखास बिघडतो. हे सारे हाताने तपासून दुरुस्त केले. उरली ती प्रश्नचिन्हे. अकरा होती.

ती मुद्रिते घेऊन मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. ‘पाणी ओसरले, पण ?ाळ राहिला’ या ओळीवर मी थांबलो होतो. मला ‘काळ’ वाटत होते. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, गाळ! त्या महिन्यात दुसरा शब्दच नव्हता यांच्या तोंडी.’ अशी नऊ प्रश्नचिन्हे त्यांनी सोडविली. आप्पांनी लिहिले होते की पाणी ओसरले तरी गाळात रोग जिवंत राहतो, तेव्हा शिबिरे इतक्यात बंद करू नयेत. आणि त्यांच्या गल्लीतील गाळ उपसणाऱ्या महापालिकेच्या चार सफाई कामगारांचे त्यांनी नावे घेऊन आभार मानले होते. डॉक्टरांची नावे वर्तमानपत्रांत येतात, ही येत नाहीत, म्हणून स्मरणिकेत ती यावीत, असे त्यांनी मुद्दाम नमूद केले होते.

उरलेली दोन प्रश्नचिन्हे त्या नावांत होती.

वहिनींनी पुष्कळ आठवून पाहिले. मीही विचारपूस केली. दोन नावे पूर्ण लागली, दोन लागली नाहीत. शब्द संदर्भाने भरता येतो. नाव भरता येत नाही. जसा औषधाचा डोसही अंदाजाने भरता येत नाही. २००६ साली मी आप्पांना एक फोन केला असता तर ती चारही नावे तेव्हाच छापली गेली असती. बहुधा त्या माणसांच्या हातीही पडली असती. तो फोन एका मिनिटाचा होता.

आप्पांचा संपूर्ण लेख या स्मरणिकेत पुन्हा छापावा, अशी विनंती मी संपादकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. त्या दोन नावांतील अक्षरांच्या जागा रिकाम्याच ठेवाव्यात, असेही मी सुचविले आहे. वाचकांपैकी कोणास ती नावे आठवत असतील तर मंडळाला अवश्य कळवावीत.

मंडळासमोर माझी तीन मागणी आहेत. जुन्या स्मरणिकांच्या ज्या फाइली कोणाकडे असतील त्या याच वर्षी गोळा करून युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि मुद्रिते तपासण्यास ते लेख ज्यांनी लिहिले किंवा ज्यांच्यासमोर लिहिले गेले त्यांना बसवावे. ती मंडळी आपल्यात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. रोग्यांसाठीची सर्व माहितीपत्रके युनिकोडमध्ये ठेवावीत आणि मात्रेचे एकक चिन्हाने न लिहिता शब्दाने लिहावे. आणि तिसरी मागणी प्रत्येकापाशी : महत्त्वाचे काही पाठविले की दोन निळ्या खुणांवर समाधान मानू नये. त्या खुणा पत्र उघडल्याचे सांगतात, कळल्याचे नव्हे. फोन उचलून विचारावे, ‘वाचता आले का?’

मी ते विचारले नाही. आपण विचारावे.